हैदराबादची ती पहाट आणि आपला समाज

दर वर्षी १७ सप्टेंबर आला की डोंगरापलीकडे मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. हुतात्म्यांना वंदन होते, स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण होते, भाषणे होतात. आम्ही मलकापूरकर वऱ्हाडातले. आमच्याकडे १५ ऑगस्ट १९४७ रोजीच तिरंगा लागला होता, म्हणून हा दिवस आमच्याकडे कॅलेंडरमधल्या बारीक अक्षरांपलीकडे जात नाही. पण सोयरिक हद्द पाहून होत नाही. भोकरदन, जाफराबाद, जालना, सिल्लोड या भागांत आपल्या लेकी दिलेल्या आहेत, तिकडच्या सुना इकडे आल्या आहेत. आपली तरुण मुले सोयऱ्यांकडे जातात आणि येताना कधी कधी एक बोचरा प्रश्न घेऊन येतात. तिकडे कोणीतरी त्यांना सुनावलेले असते की, “रझाकारांच्या वेळी तुमचीच माणसं त्यांच्या बाजूला होती.” पोरगे गप्प होते, कारण त्याला काही माहीत नसते. शाळेच्या पुस्तकात रझाकार म्हणजे अत्याचार एवढी एक ओळ आणि पोलिस कारवाई एवढी दुसरी ओळ. आपला समाज त्या दोन ओळींत कुठेच नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला हो किंवा नाही अशा एका शब्दात उत्तर नाही. म्हणून सर्व हकिकत मुळापासून सांगणे भाग आहे.

आधी आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. निजामी राज्य ज्या लढाईने उभे राहिले ती लढाई १७२४ साली आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा येथे झाली. निजाम-उल-मुल्कने तिथे मुबारिज खानाचा पराभव केला आणि दख्खनची सत्ता हाती घेतली. त्या विजयावरून गावाला फतेहखेर्डा असे नावही पडले. पुढे १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०२ साली सालीना २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना देण्यात आले. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, असा हा मामला. १९३६ च्या कराराने निजामाला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ हा किताब मिळाला आणि त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणू लागले. म्हणजे १९४७ साली मलकापूरच्या स्टेशनावर उतरलेला माणूस कागदोपत्री निजामाच्याच मुलखात उतरत होता! इंग्रज जाणार हे ठरताच निजामाच्या शिष्टमंडळाने व्हाइसरॉयपुढे वऱ्हाड परत मागितला तो याच कागदाच्या जोरावर. तो कागद चालला असता तर आमची गोष्टही मराठवाड्यासारखीच झाली असती.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी जाहीर केले की, इंग्रज गेल्यावर हैदराबाद हिंदुस्थानातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही, ते स्वतंत्र राहील. त्रावणकोरनेही तोच सूर लावला होता. त्याच महिन्यात, १७ जून रोजी, बाबासाहेबांनी संस्थानांच्या प्रश्नावर आपले निवेदन प्रसिद्ध केले. तेव्हा ते मंत्री झाले नव्हते. इंग्रज निघून गेले म्हणून संस्थानांवरची अधिसत्ता हवेत विरून जात नाही, ती नव्या हिंदुस्थान सरकारकडे येते, असे त्यांनी कायद्याच्या आधाराने मांडले. संस्थानिकांनी युनोच्या भरवशावर राहू नये असेही बजावले. पुढे सव्वा वर्षाने हैदराबादचे शिष्टमंडळ खरोखर युनोच्या दारात गेले, तेव्हा या इशाऱ्याचा अर्थ अनेकांना कळला असेल.

आता या नाटकातल्या मुख्य पात्राकडे येऊ. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था १९२७ साली हैदराबादेत स्थापन झाली. बहादुर यार जंग हे तिचे मोठे वक्ते पुढारी. त्यांच्या काळात असा सिद्धांत मांडला गेला की, या राज्याची सत्ता केवळ निजामाची नसून राज्यातल्या प्रत्येक मुसलमानाची आहे, निजाम हा त्यांचा प्रतीक मात्र. राज्यात मुसलमान शेकडा बारा-तेरा. बाकीचे जे पंच्याऐंशीच्या वर, ते मग कोण? त्यांच्याच भूमीत ते परके, रयत म्हणून राहिले तर राहावे. एका जमातीने ‘देश आमचा, तुम्ही पाहुणे’ असे म्हणणे हा आपल्या समाजाला नवा अनुभव नव्हता. गावात आपल्याला हेच ऐकवले जात होते, फक्त ऐकवणारे दुसरे होते.

बहादुर यार जंग १९४४ साली वारले. १९४६ मध्ये लातूरचा एक वकील, सय्यद कासीम रझवी, मजलिसचा अध्यक्ष झाला. मजलिसचे स्वयंसेवक दल होते, त्याचे नाव रझाकार. रझाकार या शब्दाचा साधा अर्थ स्वयंसेवक. रझवीने या दलाला गणवेश दिले, भाले, तलवारी, बंदुका दिल्या आणि कवायती सुरू केल्या. फाळणीच्या होरपळीत आमच्या वऱ्हाड-मध्यप्रांतातून भीतीने हैदराबादकडे गेलेली मुसलमान कुटुंबेही होती. घर सोडून आलेल्या माणसाच्या मनातली भीती पेटवणे सोपे असते. रझवीने ते काम मन लावून केले.

२७ ऑक्टोबर १९४७

आम्ही कारकुनी करणारी माणसे, तारखांपुढे तारखा मांडून पाहायची आम्हाला सवय. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण ती कोणत्याही सभेत सांगितली जात नाही.

१५ ऑगस्ट उलटून दोन महिने झाले होते. हैदराबाद आणि दिल्ली यांच्यात ‘जैसे थे करार’ करण्याचे घाटत होते. एक वर्षापुरता हा करार. विलीनीकरण नाही, पण संबंध पूर्वीसारखे ठेवायचे. निजामाचे दिवाण छत्तारीचे नवाब, सल्लागार सर वॉल्टर मंक्टन आणि सर सुलतान अहमद यांनी दिल्लीत बसून मसुदा ठरवून आणला. निजामाच्या कार्यकारी मंडळात तो सहा विरुद्ध तीन मतांनी संमत झाला. निजामानेही होकार दिला, सही मात्र दुसऱ्या दिवसावर ढकलली. २७ ऑक्टोबरला शिष्टमंडळाने तो घेऊन दिल्लीला जायचे ठरले.

त्या दिवशी पहाटे अंधारातच रझवीच्या हजारो लोकांच्या जमावाने या तिघांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळाला दिल्लीला जाऊ द्यायचे नाही, एवढीच मागणी. राजधानीच्या मधोमध, राज्याच्या दिवाणाच्या दारात हा प्रकार चालू असताना पोलिस फिरकले नाहीत. शेवटी लष्कराने येऊन त्यांना सुरक्षित जागी हलवले. निजामाने रझवीला अटक केली नाही, उलट बोलावून त्याचा सल्ला घेतला. रझवीचा हिशेब असा होता की, हिंदुस्थान सरकार काश्मीरमध्ये गुंतले आहे, तेव्हा अडून बसले तर अधिक मिळेल. आणि खरोखर त्याच २७ ऑक्टोबरच्या सकाळी हिंदी फौजा विमानाने श्रीनगरला उतरत होत्या.

तिघांनीही काम सोडले. छत्तारीचे नवाब दिवाणपदावरून गेले. त्यांच्या जागी नोव्हेंबरच्या अखेरीस मीर लायक अली हे उद्योगपती आले. ते तत्पूर्वी युनोमध्ये पाकिस्तानच्या शिष्टमंडळात होते. मजलिसची माणसे मंत्रिमंडळात बसली. नवे शिष्टमंडळ दिल्लीला गेले, महिनाभर घासाघीस झाली आणि २९ नोव्हेंबरला करारावर सह्या झाल्या. करार कोणता? जवळपास तोच, जो महिन्यापूर्वी अडवला होता! मग वेढा कशासाठी होता? कलमांसाठी नव्हताच. करार राहिला, खुर्च्या बदलल्या. निजाम गादीवर तसाच राहिला आणि त्याच्या नावाने राज्य करणारे हात बदलले. बंदुकीची एक गोळी न झाडता झालेले हे सत्तांतर आहे. याला बंड म्हणा, राज्य बळकावणे म्हणा, पण ते झाले त्या पहाटे.

दक्षिण आफ्रिकेत याचा जोड सापडतो. तिथे गोऱ्यांचे वर्णद्वेषी राज्य संपवून नव्या घटनेच्या वाटाघाटी चालू असताना २५ जून १९९३ रोजी युजीन तेरब्लांश याच्या एडब्ल्यूबी या गोऱ्या अतिरेकी संघटनेने जोहान्सबर्गजवळ केम्प्टन पार्क येथे ज्या इमारतीत बोलणी चालू होती तिच्या काचा चिलखती गाडीने फोडून आत धुडगूस घातला. ते करार करणाऱ्यांनाच अडवायला गेले होते, रझवीसारखेच. पण तिथे वाटाघाटी करणारे पुन्हा टेबलाभोवती बसले आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये काळ्या माणसाने पहिल्यांदा मत दिले. हैदराबादेत टेबलच त्या लोकांच्या हाती गेले, हा फरक.

आणि हा रोग एका धर्माचा म्हणून कोणी समाधान मानू नये. स्वातंत्र्याला साडेपाच महिने होतात न होतात तोच, ३० जानेवारी १९४८ रोजी, दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडणारा हात मुसलमानाचा नव्हता. तो पुण्याहून गेलेला हिंदुत्ववादी हात होता. नवा देश सर्वांचा होऊ नये, आमचाच व्हावा, ही भूक दोन्हीकडे सारखीच होती.

बाबासाहेबांचा इशारा

हैदराबादेत ही उलथापालथ होत होती तेव्हा बाबासाहेब दिल्लीत कायदेमंत्री होते आणि मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून घटनेचा मसुदा कलमागून कलम तपासत होते. त्यांच्याकडे पाकिस्तानातून आणि हैदराबादेतून आपल्या लोकांच्या तक्रारी येत होत्या. जबरदस्तीने धर्मांतर होत होते. २७ नोव्हेंबर १९४७ रोजी, म्हणजे त्या पहाटेला बरोबर एक महिना होताना आणि करारावर सह्या व्हायला दोन दिवस असताना, त्यांनी निवेदन काढले. त्याचा आशय असा: हिंदूंचा राग येतो म्हणून मुसलमानांना किंवा मुस्लिम लीगला आपले मित्र समजणे ही चूक आहे. पाकिस्तानात अडकलेल्यांनी मिळेल त्या मार्गाने हिंदुस्थानात यावे. हैदराबादच्या अस्पृश्यांनी निजामाची आणि मजलिसची बाजू घेऊ नये. निजाम सहानुभूतीला पात्र नाही. हिंदुस्थानच्या शत्रूच्या बाजूला उभे राहून आपल्या समाजाच्या नावाला कोणीही बट्टा लावू नये. ज्यांना जबरदस्तीने बाटवले असेल त्यांना परत समाजात घेतले जाईल, आणि पूर्वीच्याच भावाने वागवले जाईल, असे आश्वासनही त्यांनी दिले.

हे सांगणे त्या वेळी किती अवघड होते याचा विचार करा. ज्या काँग्रेसशी बाबासाहेबांचा आयुष्यभर झगडा झाला, तिच्याच बाजूने उभे राहा असे वरवर पाहता यात दिसत होते. गावातला सवर्ण तर स्वातंत्र्याच्या आधीही शिवत नव्हता आणि नंतरही नव्हता. मग आपल्या माणसाने देशाची बाजू का घ्यावी? बाबासाहेबांचे उत्तर असे की, हा देश आपलाही आहे. आज ज्या घटनेवर आपण उभे आहोत ती त्याच दिवसांत त्यांच्या टेबलावर लिहिली जात होती.

हा सल्ला काही १९४७ साली अचानक आलेला नव्हता. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मकरणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांनी अस्पृश्यांची परिषद भरवली होती. बाबासाहेब स्वतः आले होते. ‘जयभीम’ हा आपला नमस्कार भाऊसाहेबांनी त्या परिषदेत सुचवला असे सांगतात. निजामाच्या राज्याला साथ देऊ नका, हे बाबासाहेबांनी तिथे बजावले होते. मराठवाड्यातला स्वाभिमानी आंबेडकरी समाज या परंपरेचा आहे. हैदराबाद शहरात जे. एच. सुबय्या यांचे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन बाबासाहेबांच्या बाजूने होते.

आता दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हाला मान्य नाही. आपल्यातलेच दोन मोठे पुढारी त्या बाजूला गेले होते. बी. एस. व्यंकटराव हे लायक अलींच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. बी. श्यामसुंदर हे औरंगाबादेत जन्मलेले, शिकलेले, फर्डे वक्ते; सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादचे म्हणणे मांडायला युनोकडे जे शिष्टमंडळ पॅरिसला गेले त्यात ते होते. त्यांना केवळ गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी व्यंकटरावांच्या प्रयत्नाने निजाम सरकारने एक कोटी रुपयांचा निधी बाजूला काढला होता. त्या काळचे एक कोटी! सवर्ण पुढाऱ्यांनी शब्दांपलीकडे काय दिले होते? श्यामसुंदरांनी पुढे १९६८ साली गुलबर्ग्यात भीमसेना उभारली. म्हणजे मन आपल्याच लोकांत होते. त्यांचा राग खरा होता. पण ज्याच्या हाती त्यांनी हात दिला तो हात त्यांच्यासाठी नव्हता. मजलिसला आपली माणसे हवी होती ती संख्येसाठी. शेकडा बारा-तेरांना राज्य टिकवायचे तर भर कुठून तरी आणायची होती.

दहा महिने

नोव्हेंबर १९४७ ते सप्टेंबर १९४८ या दहा महिन्यांत रझाकारांचे राज्य खेड्यापाड्यांत उतरले. सरकारने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले, हिंदी चलनावर बंदी आणली. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानांनी बंदुका आणून उतरवू लागला. रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या वल्गना करू लागला. गावे लुटली गेली, माणसे मारली गेली. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचे हत्याकांड प्रसिद्ध आहे. मराठवाड्यातली कुटुंबे बैलगाड्या जुंपून सोलापूरकडे, खानदेशाकडे, आमच्या वऱ्हाडाकडे निघाली. हद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडचा कॅम्प त्यांतला गाजलेला.

गावात आपल्या लोकांची अवस्था काय होती? आमच्या तालुक्यात दिलेली, जाफराबादकडचे माहेर असलेली एक आजी आम्हाला माहीत होती. त्या आता हयात नाहीत. त्या वेळी त्या दहा-बारा वर्षांच्या. त्यांचे शब्द आम्ही वहीत उतरवून ठेवले होते. “रातीला ते याचे, म्हनाचे तुमी आमचे. दिस उगवला का पाटील बलावून इचारे, रातच्याला कोन आलतं रे तुमच्या वाड्यात? भाकर दोघायनंबी आमचीच खाल्ली.” त्यांचे वडील गावचे येसकर. रझाकार आले की वाट दाखवायला येसकरालाच पुढे घालत. नाही म्हटले तर मार. हो म्हटले तर गाव म्हणणार की यानेच वाट दाखवली. आजी म्हणायच्या, बाबानं चार महिने रातची झोप पिकात काढली, घरी सापडू नये म्हणून.

रझाकारांत काही ठिकाणी आपली माणसे भरती झाली होती, हेही खरे आहे. कुणी पोटासाठी, कुणी बंदुकीच्या धाकाने, कुणी पाटलावरच्या जुन्या रागाने, कुणी जमीन मिळेल या आशेने. त्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. पण येसकराच्या पोराने वाट दाखवली ती ‘दगाबाजी’ आणि ज्या बड्या हिंदू जहागीरदारांनी, देशमुखांनी अखेरपर्यंत निजामाच्या दरबारात नजराणे दिले, त्यांची ती ‘नाइलाजाची निष्ठा’, हा कुठला तराजू? २९ नोव्हेंबरचा करार करून आणलेल्या नव्या शिष्टमंडळात पिंगळे व्यंकटराम रेड्डी हेही होते. त्यांच्या जातभाईंना कोणी आजवर रझाकार म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही.

मुसलमान सारेच रझाकार होते असेही नाही, आणि हे आपल्या मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे. हैदराबादेत ‘इमरोज’ नावाचे उर्दू दैनिक शोएबुल्ला खान हा तरुण संपादक चालवत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी रझाकारांच्या विरोधात एक निवेदन काढले, ते त्याने छापले. त्याच महिन्यात रात्री कार्यालयातून घरी परतताना त्याला रस्त्यात गाठले, गोळ्या घातल्या आणि हात तोडले. लिहिणारा हात म्हणून तोडला. आपल्यासारख्या छोट्या साप्ताहिकात लिहिणाऱ्यांनी तरी हे नाव विसरू नये.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा शिरल्या. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, १८ ला सेनापती एल एद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली. ज्या रझवीने दिल्ली घेण्याची भाषा केली त्याचा खेळ पाच दिवसांत संपला. तो तुरुंगात गेला, १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. निजाम २६ जानेवारी १९५० ला त्याच राज्याचा राजप्रमुख झाला! म्हणजे वरच्या माणसाला पद मिळाले.

बिल कुणाच्या नावावर

खालच्या माणसांचे काय झाले ते आता पाहा. फौजा आल्या आणि गावागावांत सूड सुरू झाला. सर्वांत भयंकर मार निरपराध मुसलमानांनी खाल्ला. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरून अहवाल दिला. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. सरकारने हा अहवाल दाबून ठेवला. तो सर्वसामान्यांना पाहायला मिळाला तो २०१३ च्या सुमारास, पासष्ट वर्षांनी. १७ सप्टेंबरच्या भाषणांत त्याचा उल्लेख आम्ही ऐकलेला नाही.

त्याच लाटेत आपल्या वस्त्याही सापडल्या. ‘रझाकारांचे साथीदार’ एवढे म्हटले की पुरे. घरे जाळली, गाई-बैल नेले, माणसे गावाबाहेर काढली. निजामी अमदानीत जे गायरान, जी पडीक जमीन आपल्या लोकांनी कसायला घेतली होती ती हिसकावली गेली. कोण रझाकारांबरोबर होता आणि कोण नव्हता, हे विचारले कुणी? ज्याच्याकडे जमीन होती तो साथीदार ठरला. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. आम्हाला यात सूड कमी आणि वसुली जास्त दिसते.

ही जमीन परत मिळावी म्हणून १९५३ साली बाबासाहेबांच्या आदेशाने मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, भाऊसाहेब मोरे पुढे होते. पुढे १९५९ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आणि १९६४ ला देशभर जो भूमिहीनांचा लढा झाला, त्याचे मूळ शोधायचे तर या गायरानांपर्यंत जावे लागते. मराठवाड्यातल्या गायरानाच्या खटल्यांची नावे वाचा, तुम्हाला तीच गावे भेटतील.

आणि मग १९७८. २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. वस्त्या जाळल्या, पोचीराम कांबळेंना मारले. नामांतराला विरोध करताना मोठमोठ्या पुढाऱ्यांनी मराठवाड्याच्या अस्मितेचा, मुक्तिसंग्रामाच्या वारशाचा दाखला दिला. जणू त्या मुक्तीत आपण नव्हतोच, जणू ती मुक्ती आपल्यापासूनच मिळवली होती! नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

या सगळ्यात एक कोटीच्या त्या निधीचे काय झाले, हे आम्हाला आमच्या पेशामुळे फार छळत होते. त्याचा माग असा लागतो. पोलिस कारवाईनंतर निधी उरला. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. त्या उभारणीसाठी हैदराबादच्या या अनुसूचित जाती निधीतून कर्ज मिळाले. जो पैसा आपल्या लोकांना मजलिसच्या दावणीला बांधायला काढला होता, त्यावर नागसेनवनातल्या इमारती उभ्या राहिल्या. बुलढाणा जिल्ह्यातले कितीतरी वकील, मास्तर, अधिकारी तिथे शिकले. आमच्या मलकापुरातही आहेत. दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून घेतले होते, हेही ध्यानात ठेवावे.

आजींच्या वडिलांकडे एक कागद होता. एवढ्या धामधुमीत त्यांनी तो तुपाच्या रिकाम्या डब्यात ठेवून चुलीमागे पुरला होता. जमिनीचा कागद आहे, आपली दहा एकर आहे, असे त्यांनी मरेपर्यंत मुलांना सांगितले. कागद उर्दूत, घरात कुणाला वाचता येईना. जमीन १९४८ च्या दिवाळीच्या आत पाटलाच्या भावकीने नांगरली होती. आजींनी तो कागद माहेरची ठेव म्हणून ट्रंकेत जपला होता. आम्ही तो मलकापुरातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. त्यावर साल होते फसली १३५७, म्हणजे १९४७-४८. गट होता, एकर होते, शिक्का होता. आणि खाली लिहिले होते की, ही लावणी एका सालापुरती आहे.

असे कागद अजून किती ट्रंकांत असतील ते आम्हाला ठाऊक नाही. त्या वेळी दहा वर्षांची असलेली माणसे आज ऐंशीच्या खूप पुढे गेली आहेत. भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर, हिंगोली या भागांतून वऱ्हाडात आलेल्या आपल्या वृद्ध माता-भगिनींना घरच्या लेकीसुनांनी विचारून लिहून ठेवावे. गावाचे नाव, पाटलाचे नाव, जमिनीचा गट आठवत असेल तर तोही. उर्दू कागद मिळाला तर तो जाळू नये, रद्दीत देऊ नये. वाचून देणारे मास्तर आमच्या गावात आहेत आणि ते पैसे घेत नाहीत.